जाळं आहे, होडी आहे, पण संस्थेत घेत नाहीत

प्रश्न : ताई, आमचं गाव पाटण तालुक्यात, धरणाच्या काठाला. वडील मासेमारी करायचे, आता मी करतो, कटला-रोहू विकूनच घर चालतं. मच्छीमार संस्थेत सभासद व्हायला अर्ज दिला तर म्हणतात तू खरा मच्छीमार नाहीस, तुझ्याकडं दोन एकर शेती आहे. लेखी काहीच देत नाहीत. काय करू?

उत्तर : दादा, तोंडी नकाराला काही अर्थ नसतो बघा, आधी हे डोक्यात पक्कं करा. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम 1960, त्यातलं कलम 22 आणि 23 वाचा. पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय नाकारता येत नाही, आणि नाकारलं तर कारणासकट लेखी कळवावं लागतं, अर्ज मिळाल्यापासून तीन महिन्यांच्या आत. म्हणून अर्जाची पोच हवीच, सही-शिक्क्याची. पोच देत नसतील तर स्पीड पोस्टानं पाठवा, ती पावती जपून ठेवा. लेखी नकार आला तर 60 दिवसांत निबंधकाकडं, म्हणजे सहकारी संस्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याकडं, अपील करता येतं, ही मुदत चुकवू नका, माणसं इथंच हरतात.

शेतीचं म्हणाल तर संस्थेच्या उपविधीची, म्हणजे तिच्या स्वतःच्या लेखी नियमांची, प्रत मागा आणि पात्रतेची अट शब्दन्‌शब्द वाचा, शेती असलेला चालत नाही असं तिथं लिहिलंय का ते बघा, कोण काय बोललं ते सोडा. मासळी विकल्याच्या चिठ्ठ्या, होडीचा फोटो, जाळं घेतल्याचं बिल, सगळं एका पिशवीत ठेवा. धरणकाठी दोन एकरावर कुणाचं पोट भरतं हो? मला तुमची बाजू खरी वाटते.