'पॅशन'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न असा आलाय की भाचीच्या शाळेत दहावीच्या निरोप समारंभाला बोलायचंय, "आयुष्याला अर्थ देणारी तुमची पॅशन शोधा" हे मराठीत कसं म्हणू, डिक्शनरीत 'उत्कट भावना' आणि 'आवड' मिळालं पण पटत नाहीये. बरोबरच आहे, उत्कट भावना तासाभरात ओसरते आणि आवड तर वांग्याच्या भाजीचीही असते.

मी 'ध्यास' म्हणेन. ध्यान आणि ध्यास एकाच कुळातले, आणि थोरला भाऊ म्हणजे निदिध्यास, तो थेट बृहदारण्यक उपनिषदातून येतो, याज्ञवल्क्य मैत्रेयीला सांगतात ना की आधी ऐकावं, मग मनन करावं, मग निदिध्यास. म्हणजे ऐकून आणि विचार करूनही जे मनातून जात नाही ते.

'छंद' का नाही असं कुणी विचारेल. आज छंद म्हटलं की रविवारची तिकिटं-नाणी आठवतात, पण हा शब्द मुळात इतका हलका नव्हता. तुकोबांचं बघा, "गोविंद गोविंद । मना लागलिया छंद" आणि पुढे "मग गोविंद ते काया", म्हणजे ज्याचा छंद लागला तेच होऊन जाणं, अभंगाच्या शेवटी आळीचा दाखला आहे, भुंग्याचं ध्यान करता करता भुंगाच होते म्हणतात ती अळी, तीसुद्धा वेगळी उरत नाही. शाळेच्या फॉर्मवरच्या 'छंद' या रकान्याने हा शब्द पार पातळ केला, मला याचं खरंच वाईट वाटतं.

आता मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते क्रियापद. मराठीत छंद लागतो, नाद लागतो, वेड लागतं, ओढ लागते, ध्यास लागतो. सगळं 'लागतं', तहान लागते तसं, आपण कर्ते नसतोच, "मला" लागतं. गंमत म्हणजे पॅशनचंही मूळ तेच, लॅटिनमध्ये सोसणं, म्हणून ख्रिस्ताच्या यातनांना इंग्रजीत पॅशन म्हणतात आणि आपल्या कृष्णकमळाला पॅशन फ्लॉवर, आपण त्याच फुलात कौरव-पांडव मोजतो आणि ख्रिस्ती लोकांना त्यात क्रूसावरच्या खुणा दिसल्या. पण ध्यास नुसता लागत नाही, तो घेताही येतो! "तिने शिक्षणाचा ध्यास घेतला" म्हणतो आपण, "नाद घेतला" कुणी म्हणत नाही. लागणं आणि घेणं दोन्ही ज्यात बसतं असा दुसरा शब्द मला तरी सापडला नाही, म्हणून तो इथे नेमका बसतो.

उदाहरण द्यायचं तर इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. पानिपतच्या काळातल्या पत्रांचा पहिला खंड १८९८ साली काढला, मग गावोगाव वणवण करून, लोकांच्या माळ्यावरची दप्तरं मिळवून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे २२ खंड, आणि शिवाय मराठी धातूंचा, म्हणजे क्रियापदांच्या मूळ रूपांचा कोश, जो १९२६ मध्ये धुळ्यात त्यांचं निधन झाल्यावर छापला गेला. त्यांना कागदपत्रांचा 'छंद' होता म्हटलं तर आज फारच कमी वाटतं, 'व्यासंग' म्हटलं तर अभ्यास दिसतो पण वणवण दिसत नाही. ध्यास म्हटलं की दोन्ही येतं.

तर भाषणात 'शोधा' काढा, ध्यास काही हरवलेली वस्तू नाही. "तुम्हाला कशाचा तरी ध्यास लागो, आणि लागला की तो मनापासून घ्या" असं म्हणून बघा. शाळा कोल्हापूर-सांगलीकडची असेल तर बिनधास्त 'नाद' म्हणा, तिकडे बैलांचा नाद, कुस्तीचा नाद हे पूर्ण आदराने बोलतात, पोरांना लगेच कळेल. पुण्या-मुंबईत मात्र 'नादी लागणे'चा वाईट अर्थ आधी ऐकू येतो, तिथे ध्यासच ठेवा.