मॅमी स्मिथचं 'क्रेझी ब्लूज' मला बेसी स्मिथसमोर अगदीच फिकं वाटलं. तिला एवढं महत्त्व का देतात? आणि तिच्या रेकॉर्ड्स कोणत्या क्रमाने ऐकाव्यात?

तुमच्या कानांनी तुम्हाला फसवलेलं नाही. ब्लूज (अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांची सुखदुःखाची गाणी) गाणाऱ्या १९२०च्या दशकातल्या बायका म्हणून दोघींना शेजारी उभं केलं तर बेसी स्मिथच थोर, याबद्दल माझ्याही मनात शंका नाही. पण मॅमी स्मिथला ब्लूजच्या मापाने मोजायला गेलं की तिचं गाणं हातून निसटतं. ती मुळात रंगमंचाची बाई. ब्लूज तिच्या पोतडीतल्या अनेक गाण्यांपैकी एक होता, आणि तो ती नाटकवाल्यांच्या पद्धतीने गायची. मी जुन्या अमेरिकन रेकॉर्ड्स बरीच वर्षं ऐकते आहे. मॅमीवर एवढ्या घाईने काट मारली जाते याचं मला खरंच वाईट वाटतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

व्हॉडव्हिल म्हणजे एका तिकिटात गाणी, नाच, नकला, कसरती, कुत्र्यांचे खेळ असं सगळं. प्रत्येक कलाकाराला मोजकी मिनिटं मिळायची. मायक्रोफोन नव्हता. तेवढ्या वेळात गॅलरीतल्या शेवटच्या बाकापर्यंत शब्द पोचला नाही तर पुढच्या आठवड्याचं काम गेलं. मॅमी याच शाळेत शिकली. जन्म १८९१चा, ओहायो राज्यातल्या सिनसिनाटीचा. दहाएक वर्षांची असल्यापासून ती फिरत्या कंपन्यांमधून नाचायची. पुढे 'स्मार्ट सेट' या कृष्णवर्णीयांच्या नावाजलेल्या कंपनीत होती आणि १९१३च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हार्लेममध्ये येऊन क्लबांत गाऊ लागली. १९१८ साली तिथल्या लिंकन थिएटरात पेरी ब्रॅडफर्डच्या 'मेड इन हार्लेम' या कार्यक्रमात ती 'हार्लेम ब्लूज' नावाचं गाणं म्हणायची. तुम्ही ऐकलंत ते 'क्रेझी ब्लूज' म्हणजे हेच गाणं, नाव बदललेलं. थोडक्यात, रेकॉर्ड कापली जाण्याआधी ते गाणं प्रेक्षकांसमोर तावून सुलाखून निघालं होतं.

हा ब्रॅडफर्ड गीतकार, संगीतकार आणि स्वतःची गाणी दारोदार खपवणारा माणूस. त्याच्या हट्टीपणामुळे लोक त्याला 'खेचर' म्हणायचे. कृष्णवर्णीय बाईचा आवाज रेकॉर्डवर आला तर तो विकला जाईल, कारण तिची माणसं तो विकत घेतील, हे तो कंपन्यांना सांगत फिरला. तोवर कृष्णवर्णीय कलाकारांच्या रेकॉर्ड्स नव्हत्या असं नाही. बर्ट विल्यम्ससारखा विनोदी नट-गायक १९०१पासून रेकॉर्डवर होता. नावात 'ब्लूज' असलेली गाणीही येत होती, पण ती गायची मॅरियन हॅरिससारख्या गोऱ्या गायिकांनी. (मॅरियन हॅरिस चांगलीच गाते, तिलाही सोडू नका.) ज्यांचं गाणं त्यांच्याच बाईने ब्लूज म्हणून गायचं, एवढंच काय ते झालेलं नव्हतं.

शेवटी ओके या १९१८मध्ये निघालेल्या लहान कंपनीतल्या फ्रेड हेगरने ऐकलं. त्याच्या मनात ब्रॅडफर्डची गाणी सोफी टकर या गोऱ्या व्हॉडव्हिल गायिकेकडून गाऊन घ्यायची होती, ते जमलं नाही, म्हणून मॅमीला बोलावलं. कृष्णवर्णीय गायिकेला घेतलं तर बहिष्कार घालू अशा धमक्या आल्या तरी तो मागे हटला नाही. १४ फेब्रुवारी १९२० रोजी मॅमीने दोन गाणी गायली, 'दॅट थिंग कॉल्ड लव्ह' आणि 'यू कान्ट कीप अ गुड मॅन डाउन'. साथीला स्टुडिओचा गोरा वाद्यवृंद होता आणि गाणी ब्लूजपेक्षा त्या काळच्या लोकप्रिय गाण्यांच्या घाटाची. ती खपली म्हणून दुसरी संधी मिळाली. १० ऑगस्टला ती 'जॅझ हाउंड्स' या कृष्णवर्णीय वादकांसह पुन्हा उभी राहिली आणि 'क्रेझी ब्लूज' झालं.

आता ते पुन्हा लावा, पण आधी खोली डोळ्यांसमोर आणा. विजेवर चालणारं ध्वनिमुद्रण १९२५मध्ये आलं. त्याआधी भला मोठा कर्णा असायचा, त्याच्या तोंडाशी गायचं, आणि त्या आवाजाच्या धक्क्यानेच सुई मेणावर रेघ कोरायची. ढोल आणि खर्जातली वाद्यं त्यात नीट उतरतच नसत. कुजबुज, श्वास, आवाजातली बारीक थरथर बहुतेक वाया जायची. टिकायचा तो खणखणीत लागलेला स्वर आणि स्पष्ट शब्द, म्हणजे नेमकं तेच जे व्हॉडव्हिलने मॅमीला शिकवलं होतं. तिची व्यंजनं ऐका. एवढ्या खरखरीतूनही ओळी कळतात. ओळीचा शेवट ती हवेत सोडून देत नाही, ठेवून देते. भोवती कॉर्नेट, ट्रॉम्बोन, क्लॅरिनेट आणि व्हायोलिन सगळे एकदम बोलत असतात, ट्रॉम्बोन तर घसरत घसरत मध्येच डोकावतो, आणि या कल्लोळावर तिचा आवाज स्वार असतो.

बेसीशी तुलना करताना हेही लक्षात घ्या. १९२३च्या 'डाउनहार्टेड ब्लूज'मध्ये बेसीसोबत एकट्या क्लॅरेन्स विल्यम्सचा पियानो आहे. कर्णा तोच, पण सगळी जागा तिची. शिवाय तंबूतल्या खेळांत घडलेली बेसी स्वर वाकवते, ओळ लांबवते, शब्दाआधी थांबते. मॅमी तसं फारसं करत नाही. ती पात्र उभं करते: झोप नाही, घास उतरत नाही, माणूस नीट वागत नाही अशी एक बाई. गाण्याची बांधणीही शुद्ध ब्लूजसारखी, म्हणजे तालाची बारा आवर्तनं पुन्हापुन्हा येणारी, नाही. त्यात बारा आवर्तनांचा भाग आहे, सोळांचेही आहेत, रंगमंचीय गाण्यासारखा एक तुकडा संपून दुसरा येतो. तुम्ही ब्लूजची वाट पाहत बसलात आणि समोर नाट्यप्रवेश चालू होता, असं काहीसं झालं असावं.

आणि शेवटाकडे कान द्या. तिथे ही दुखावलेली बाई म्हणते की मी नशा करीन, बंदूक मिळवीन आणि एखाद्या पोलिसाला गोळी घालीन. १९१९च्या उन्हाळ्यात शिकागोपासून वॉशिंग्टनपर्यंत कृष्णवर्णीयांवर हल्ले झाले होते. त्याला जेमतेम वर्ष लोटलं होतं. प्रेमभंगाच्या गाण्यात ही ओळ येते, एक कृष्णवर्णीय बाई ती स्पष्ट उच्चारांत म्हणते, आणि ती रेकॉर्ड देशभर दुकानांतून विकली जाते. फिकेपणाचा माझा उरलासुरला ग्रह तरी या ओळीने घालवला.

रेकॉर्डची किंमत एक डॉलर, मजुरी करणाऱ्या घराला न परवडणारी. तरी पहिल्याच महिन्यात ७५,००० प्रती गेल्याचं लिहिलेलं आढळतं. पुढे दहा लाखांचा आकडा सांगतात, त्यावर मी फार विसंबत नाही. खप प्रचंड होता याचा पुरावा इतर कंपन्यांच्या धावपळीत दिसतो. एकामागून एक कृष्णवर्णीय गायिका रेकॉर्डवर आल्या: त्याच वर्षअखेरीस लुसिल हेगमिन, १९२१मध्ये एथेल वॉटर्स आणि एडिथ विल्सन, मग अल्बर्टा हंटर, आणि १९२३मध्ये बेसी स्मिथ आणि मा रेनी. ओकेने १९२१पासून कृष्णवर्णीय ग्राहकांसाठी ८०००च्या क्रमांकांची वेगळी मालिकाच काढली. बेसीपर्यंत जाणारं दार मॅमीने उघडलं, असं म्हणतात ते एवढ्यासाठी.

पुढची तिची वाटचाल चढती राहिली नाही. काही वर्षं तिने भरपूर कमावलं, झगमगते पोशाख आणि दागिने घालून देशभर दौरे केले. तिच्या साथीदारांत कोलमन हॉकिन्स नावाचा पोरसवदा सॅक्सोफोनवादक होता. पुढे याच मुलाने जॅझमध्ये टेनर सॅक्सोफोनला मानाचं पान मिळवून दिलं. पण ब्लूजची आवड खेडवळ, खरबरीत आवाजांकडे वळली आणि मंदीने थिएटरंच बसली. उतारवयात तिने 'पॅरडाइज इन हार्लेम' (१९३९)सारख्या काही चित्रपटांत काम केलं. १९४६ साली न्यूयॉर्कमध्ये ती गेली. तिच्या कबरीवर कितीतरी दशकं नावाचा दगडसुद्धा नव्हता, याचा मला आजही राग येतो.

क्रमाचं म्हणाल तर कालक्रमाने जाऊ नका. आधी १९३१चं 'जेनीज बॉल' ऐका. ते मायक्रोफोनवर मुद्रित झालं आहे, त्यामुळे तिचा आवाज किती भरदार आणि खेळकर होता हे एकदाचं कळतं. तो आवाज कानात ठेवूनच 'क्रेझी ब्लूज'कडे परत या, आणि त्याच रेकॉर्डची दुसरी बाजू 'इट्स राइट हिअर फॉर यू' चुकवू नका. ती चावट आहे आणि मॅमीला चावटपणा फार छान जमतो. मग फेब्रुवारी १९२०ची दोन गाणी, म्हणजे सहा महिन्यांत साथीने काय फरक केला ते ऐकू येईल. त्यानंतर १९२२-२३ची जॅझ हाउंड्सची वाद्यरंगी गाणी. अमेरिकेत १९२३पूर्वीच्या ध्वनिमुद्रणांवरचा हक्क १ जानेवारी २०२२ला संपला, त्यामुळे यातली बरीचशी इंटरनेट आर्काइव्हवर मोकळेपणी मिळतात. एकाच गाण्याच्या दोन-तीन प्रती असतील तर सगळ्या थोड्या थोड्या ऐकून बघा. खरखर पूर्ण पुसलेल्या प्रतीत बहुतेकदा तिची व्यंजनंही पुसली गेलेली असतात. थोडी खरखर राहिलेलीच घ्या, आणि शक्यतो हेडफोनपेक्षा खोलीत स्पीकरवर लावा.