'माइंडफुलनेस'ला मराठीत काय म्हणावं?

अमळनेरच्या एका शिक्षिकेनं विचारलंय: "शाळेत माइंडफुलनेसचं शिबिर घेतेय. पत्रकात 'सचेतनता' लिहिलं तर पालक विचारतात, म्हणजे काय? 'ध्यान' लिहिलं तर डोळे मिटून बसायचं, एवढंच समजतात. साधा मराठी शब्द आहे का?"

ताई, आहे. भान. 'सचेतनता' मला कधीच पटला नाही. सचेतन तर झाडही असतं.

आधी मूळ पाहू. बौद्ध ग्रंथांच्या पाली भाषेत शब्द आहे 'सति', म्हणजे संस्कृतातली 'स्मृती'. पालीचे अभ्यासक ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ साली त्यासाठी 'माइंडफुलनेस' हा इंग्रजी शब्द योजला. १९७९ मध्ये जॉन कबाट-झिन यांनी अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सला जुनाट दुखण्याच्या रुग्णांसाठी त्यावर अभ्यासक्रम सुरू केला आणि शब्द दवाखान्यात, मग शाळेत पोचला. त्याच 'स्मृती'चं मराठीत उरलेलं लेकरू म्हणजे 'सय'. पण आपली सय माहेराची येते, गेलेल्या माणसाची येते. 'सति'त आठवण ठेवायची ती आत्ता हातात असलेल्या कामाची. म्हणून सय इथे चालणार नाही, याची मला खरंच हळहळ वाटते.

'ध्यान' मात्र इतक्यात सोडू नका. 'ध्यानाला बसणे' वेगळं आणि 'ध्यान ठेवणे' वेगळं. आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आमच्या धुळ्याकडच्या घरी मांडे होतात. पुरण भरलेला उंडा आत्या दोन्ही हातांवर झेलत, फिरवत कोपरापर्यंत पसरवायची आणि तापलेल्या उपड्या खापरावर अलगद टाकायची. मी शिकत होते तेव्हा अंगणात कुणी आलं म्हणून मान वळवली आणि मांडा मनगटाशी फाटला. आत्या रागावली नाही. अहिराणीत एवढंच म्हणाली, "तुनं ध्यान कोठे शे माय?" त्या प्रश्नात सगळा माइंडफुलनेस आहे. मन गेलं कुठे ते बघ आणि हाताशी परत आण. गेलं म्हणून स्वतःला बोल लावू नकोस.

मन जातंच. त्यासाठीही आपल्याकडे शब्द आहे: वढाळ, म्हणजे हाकललं तरी पुन्हा पिकात शिरणारं ढोर. खानदेशात 'ळ'चा 'य' होतो, केळीची केयी होते, तसा वढाळचा 'वढाय' झाला आणि आसोद्याच्या बहिणाबाईंनी तो मनालाच लावला. पत्रकात तोही जरूर वापरा, पालकांना एका शब्दात कळेल.

आता 'भान'च का? 'सजगता' अर्थाला बरोबर आहे, लेखात शोभते. पण तिला पुस्तकाचा वास येतो. भान 'भा' धातूचं, म्हणजे उजळणं, दिसणं. 'भानावर ये', 'वेळेचं भान ठेव', 'बोलताना भान राख' हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एक अडचण आहे, ती लपवत नाही: आपण भान हरपण्याचंही कौतुक करतो. भजनात देहभान हरपतं, ते चांगलंच मानतो. मिहाय चिक्सेंटमिहाय या मानसशास्त्रज्ञांनी 'फ्लो' म्हटलेली अवस्था याच्या जवळची: कामात इतकं बुडणं की स्वतःची आणि वेळेची जाणीव सुटते. तिला 'तल्लीनता' म्हणा. तल्लीनतेत भान सुटतं, माइंडफुलनेसमध्ये राखायचं असतं. शिबिरात दोन्ही येणार असतील तर दोन शब्द वेगळेच ठेवा, मुलांचा गोंधळ होतो.

पत्रकात 'पॉझिटिव्ह सायकॉलॉजी' आलीच, तर तिला 'सकारात्मक मानसशास्त्र' ठीक आहे. फक्त 'सकारात्मक विचार' लिहू नका. मार्टिन सेलिग्मन यांनी १९९८ पासून पुढे आणलेली ही शाखा माणसाचं चांगलं कशानं चालतं, ते तपासते. दुःख झाकून हसायला सांगत नाही.

तेव्हा पत्रकावर मी लिहीन: 'भान राखण्याचा सराव'. आणि पालकांच्या सभेत अहिराणीत बोलणार असाल, तर आत्याचा प्रश्न घेऊन जा.