कूपनं परत येत नसतील तर आधी मोबदल्याची वही बघा

सुईने नशा करणाऱ्यांमधल्या तुमच्या एचआयव्ही सर्वेक्षणाबद्दलची पोस्ट वाचली. सीड, म्हणजे साखळी सुरू करणारे पहिले सहभागी, नीट निवडली, ओळखीच्यांना आणण्यासाठी त्यांना कूपनं वाटली, पहिल्या दोन फेऱ्या बऱ्या गेल्या आणि तिसरीपासून कूपनं परत यायची थांबली, असं तुम्ही लिहिलंय. मार्गदर्शक म्हणतात मोबदला वाढवा, आणि तुम्ही विचारताय किती वाढवावा. माझं लक्ष मात्र पोस्टच्या शेवटी ओझरत्या आलेल्या वाक्याशी थांबलं: ‘मोबदला देताना लेखा विभागाच्या नियमाप्रमाणे नाव, पत्ता आणि सही घेतो.’ तुमची कूपनं तिथे अडली आहेत, असं मला जवळजवळ खात्रीने वाटतं. आमचीही तिथेच अडली होती.

आरडीएस, म्हणजे सहभागींनीच ओळखीच्यांना कूपनं देऊन पुढचे सहभागी आणायची पद्धत, कशी चालते, कूपनं मोजकीच का देतात, दोन टप्प्यांत (आधी स्वतःच्या मुलाखतीचे, मग आणलेल्या माणसांचे) पैसे का देतात, हे तुम्हाला माहीत आहे असं धरून लिहिते. आणि आधीच सांगते, मी वकील नाही, संख्याशास्त्रज्ञही नाही. फील्डवरचं काम बरीच वर्षं केलंय, त्यावरून बोलतेय. नियम देशागणिक आणि संस्थेगणिक बदलतात, तेव्हा माझं वाक्य कुणाच्या तोंडावर फेकण्याआधी स्वतः तपासा.

आमचा अभ्यासही याच लोकांमध्ये होता, एचआयव्ही आणि हिपॅटायटिस सी दोन्हींसाठी. संशोधनाला नैतिक मंजुरी देणाऱ्या एथिक्स कमिटीने काही अडवलं नाही. तोंडी संमती, साक्षीदाराची सही, नावाऐवजी कोड, रक्ताच्या नमुन्यावर फक्त बारकोड, सगळं मंजूर झालं. मग संस्थेच्या लेखा विभागाचा निरोप आला: ज्याला रोख पैसे दिले त्याचं पूर्ण नाव, पत्ता, फोन नंबर आणि सही असल्याशिवाय खर्च पास होणार नाही. त्यांनी त्यांची छापील वहीही पाठवली. प्रत्येक पानाच्या माथ्यावर अभ्यासाचं पूर्ण शीर्षक, त्यात एचआयव्ही आणि अमली पदार्थ हे दोन्ही शब्द. खाली रकाने: अनुक्रमांक, कूपन क्रमांक, नाव, पत्ता, रक्कम, सही.

यातला कूपन क्रमांकाचा रकाना नीट बघा. कुणी कुणाला आणलं हे कूपनच्या क्रमांकावरून कळतं, पद्धतीची रचनाच तशी आहे. त्या क्रमांकाशेजारी नाव आणि पत्ता लिहिला की ती वही खर्चाची राहत नाही. कोण नशा करतो, कुठे राहतो आणि कोण कोणाला ओळखतो, याची ती तयार यादी होते. नमुने कुलूपबंद, कॉम्प्युटरला पासवर्ड, मुलाखतीची खोली बंद, आणि ही यादी दाराजवळच्या टेबलावर उघडी पडलेली. सही करायला वाकलेल्या माणसाला वरच्या ओळीतलं नाव सहज वाचता यायचं. ज्या कृत्यासाठी अटक होऊ शकते त्याची कबुली लोक स्वतःच्या हस्ताक्षरात देत होते, आणि तीही चहापाण्यापुरत्या पैशांसाठी.

लोक भांडले नाहीत. मुलाखत द्यायचे, रक्त द्यायचे, आणि वही पुढे आली की ‘पैसे राहू द्या’ म्हणून निघून जायचे. काहींनी खोटी नावं लिहिली. हातातली कूपनं मात्र ते कुणालाच देत नव्हते. दुसऱ्याला आणायचं म्हणजे मित्राचं नाव या वहीत घालायचं, हे त्यांना पाहताक्षणी समजलं होतं.

समाजशास्त्रज्ञ डग्लस हेकाथॉर्न यांनी 1997 मध्ये आरडीएसची ही पद्धत मांडली तीसुद्धा सुईने नशा करणाऱ्यांमधल्या एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामातून. तिचा गाभाच असा आहे की सहभागी आपल्या ओळखीच्यांची नावं संशोधकाला सांगत नाही. तो फक्त कूपन देतो. यायचं की नाही हे ज्याच्या हातात कूपन आहे तो ठरवतो, आणि तो येईपर्यंत तो अस्तित्वात आहे हेही आपल्याला कळत नाही. एवढी काळजी घेऊन माणूस दारापर्यंत येतो, आणि दारात आपण त्याला नाव विचारतो. पद्धतीने दिलेलं संरक्षण मोबदल्याचं व्हाउचर, म्हणजे ती वही, काढून घेतं.

आता मार्गदर्शकांच्या सल्ल्याबद्दल. मोबदला वाढवू नका, निदान आत्ता तरी. पैसे कमी म्हणून लोक येत नसतील तर वाढवून उपयोग होतो. भीतीमुळे येत नसतील तर वाढवलेले पैसे भलत्यांना खेचतात. नशा न करणारे येऊन तसं असल्याचं सांगतात, तेच लोक वेगळ्या नावाने परत येतात, कूपनं विकली जातात. शिवाय गरजू माणसापुढे मोठी रक्कम ठेवून त्याच्याकडून नको असलेली सही करून घेणं मला मुळात अयोग्य वाटतं. संमती म्हणजे नकार देता येणं. रक्कम इतकी मोठी झाली की नकार परवडेनासा होतो.

तुम्ही वेटिंगबद्दल, म्हणजे हिशेबात कुणाच्या उत्तराला किती वजन द्यायचं याबद्दलही विचारलंय. सहभागीने सांगितलेल्या ओळखीच्यांच्या संख्येच्या व्यस्त प्रमाणात वजन दिलं की नमुना सुधारतो का? अंशतः. ज्यांच्या ओळखी जास्त त्यांच्यापर्यंत कूपन पोहोचण्याची शक्यता जास्त, ती चूक वजनाने सुधारते. भीतीने दारातून परत गेलेला माणूस मात्र तुमच्या फाइलमध्येच नाही, मग वजन कुणाला देणार? आमच्याकडे जे टिकले ते बहुतेक आधीपासून वापरलेल्या सुया देऊन नव्या घेण्याच्या कार्यक्रमात येणारे, कार्यकर्त्यांना ओळखणारे, एकदा तरी तपासणी झालेले होते. जे सगळ्यांत लपलेले तेच गळाले, आणि अभ्यास तर त्यांच्यासाठीच होता. अशा नमुन्यावरून काढलेलं एचआयव्हीचं प्रमाण खरं किती, कमी दाखवतंय की जास्त, हे सांगता येत नाही. त्यात 2010 मध्ये गोएल आणि साल्गानिक या संशोधकांनी दाखवलंय की आरडीएसच्या अंदाजातली अनिश्चितता समजली जाते त्यापेक्षा बरीच जास्त असू शकते. साखळ्या दोन फेऱ्यांत तुटलेल्या असतील तर अहवालात कॉन्फिडन्स इंटरव्हलचे, म्हणजे अंदाज किती ते किती दरम्यान असेल त्याचे, सुबक आकडे छापू नका.

लेखा विभागाशी आमचा पत्रव्यवहार महिनोन्महिने चालला आणि त्याबद्दल आजही मला संताप येतो. गोपनीयता हा तुमच्या कमिटीचा विषय, आमचा नाही, असं लेखी उत्तर आलं. मग सुचवलं की पैसे बँक खात्यात टाका. ज्याच्याकडे ओळखपत्र नाही, राहायला जागा नाही, त्याला खातं विचारायचं! पुढचा सल्ला ओळखपत्राची प्रत जोडण्याचा होता. या सगळ्यात कुणी एकदाही केंद्रावर येऊन टेबलापलीकडे बसलेला माणूस पाहिला नाही. पैशाचा हिशेब चोख हवा हे मला शंभर टक्के मान्य आहे. या क्षेत्रात मोबदल्याचे पैसे खाल्ले गेल्याच्या गोष्टी ऐकल्या आहेत, तेव्हा शंका घेणं चुकीचं नव्हतं. पण चोरी आमच्याकडून होण्याची भीती होती आणि तिची किंमत सहभागी मोजत होते.

शेवटी मार्ग निघाला तो वाद घालून नाही. ज्या नियमाच्या आधारे नाव मागताय त्याचं कलम लेखी द्या, एवढंच आम्ही मागितलं. कलम आलं, आणि त्यात ‘रक्कम दिल्याचा पुरावा’ एवढेच शब्द होते. नाव, पत्ता, फोन ही त्या छापील वहीची परंपरा होती. मग एथिक्स कमिटीकडून पत्र घेतलं की नाव नोंदवणं हा मंजूर प्रोटोकॉलचा भंग ठरेल. त्यानंतर पावती अशी झाली: वर फक्त प्रकल्पाचा सांकेतिक क्रमांक, पावतीचा स्वतंत्र क्रमांक (कूपनचा नाही), तारीख, रक्कम, आणि पैसे दिल्याचं पाहणाऱ्या दोन कर्मचाऱ्यांच्या सह्या. पावत्यांची बेरीज आणि त्या दिवशी झालेल्या मुलाखतींची संख्या रोज जुळवून लेखा विभागाला द्यायची. ऑडिटला हे पुरलं.

कमिटी पाठिंबा द्यायला कचरत असेल तर त्यांना एक दाखला द्या. अमेरिकेच्या संघीय संशोधन नियमांत, सहीचं संमतीपत्र हाच सहभागीला अभ्यासाशी जोडणारा एकमेव कागद असेल आणि मुख्य धोका गोपनीयता फुटण्याचाच असेल, तर सहीची अट माफ करण्याची तरतूद आहे. तो नियम तुमच्याकडे लागू नसेल, पण तर्क तोच. संमतीपत्रावर सही नको म्हणणारी कमिटी व्हाउचरवर ती कशी चालवून घेते, हा प्रश्न त्यांना विचारायलाच हवा.

नाव नसेल तर एकच माणूस परत आलेला कसा ओळखायचा, असं कुणीतरी म्हणेल, आणि बोटांचे ठसे सुचवेल. नको. केनियात अशा सर्वेक्षणासाठी ठशांसारख्या बायोमेट्रिक नोंदींचा विचार पुढे आला तेव्हा सेक्स वर्कर, समलिंगी पुरुष आणि नशा करणाऱ्यांच्या गटांनी त्याला ठाम नकार दिला. पोलिसांच्या हाती ते लागलं तर काय, हा त्यांचा प्रश्न बिनतोड होता. दारावर त्या वस्तीत वावरलेला, चेहरे लक्षात ठेवणारा माणूस बसवा. पात्रतेचे प्रश्नही त्यालाच विचारू द्या. खोटं बोलणारा त्याला आपल्यापेक्षा लवकर कळतो.

जाता जाता आणखी दोन गोष्टी. कूपनवर एचआयव्ही हा शब्द असेल तर काढा, कूपन खिशात सापडलं तर घरी काय उत्तर द्यायचं हा विचार प्रत्येकजण करतो. आणि तपासणीचा निकाल घ्यायला येणाऱ्यासाठी वेगळा दिवस किंवा वेगळी रांग ठेवू नका, कारण त्या रांगेत उभं राहणं हीच जाहिरात होते.

समुदायाशी बोलणं हा प्रोटोकॉलच्या शेवटी जोडायचा परिच्छेद आहे, असं समजणाऱ्यांशी माझं जमत नाही. 2004 मध्ये कंबोडियात सेक्स वर्करमध्ये टेनोफोविर या औषधाने एचआयव्हीची लागण टळते का, याची चाचणी व्हायची होती. त्या स्त्रियांनी दुष्परिणाम झाले तर दीर्घकाळ उपचार कोण देणार असं विचारलं, समाधानकारक उत्तर मिळालं नाही, आणि सरकारने चाचणी सुरू होण्याआधीच बंद केली. औषध पुढे इतर अभ्यासांत उपयोगी ठरलं. त्या स्त्रियांचा प्रश्न तरीही रास्तच होता.

तुमच्याकडे आधीच भरलेली वही आहे, ते सगळ्यांत तातडीचं. ती फाडू नका, हिशेबाचा कागद नष्ट करणं बहुतेक ठिकाणी गुन्हा ठरू शकतं. आजच एथिक्स कमिटीला लेखी कळवा, वही केंद्रावरून हलवून सीलबंद करा, कूपन क्रमांकाचा रकाना झाकून प्रत देता येईल का ते विचारा, आणि तिची स्कॅन प्रत कुणाच्या ईमेलमध्ये पडली आहे का ते शोधा. मग परत न आलेल्यांपैकी काहींना कार्यकर्त्यांमार्फत गाठून, मुलाखत न घेता, का थांबलात एवढंच विचारा. मोबदल्याच्या रकमेचं त्यानंतर ठरवा. पावतीचा नमुना हवा असेल तर खाली सांगा, मजकूर टाइप करून देते.