पियानोनं गप्प कधी बसायचं

चि. बाळास,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेली अभंगांची गाणी ऐकली. गाणाऱ्या त्या मुलीचा गळा छान लागलाय, पण तू तिला श्वास घेऊ देत नाहीस. दुसऱ्या गाण्यात ‘विठ्ठला’मधला ‘ला’ ती हळूच उतरवत सोडते, आणि नेमकी तिथंच तुझी बोटं पळत सुटतात. वर रिव्हर्बचा, म्हणजे यंत्रानं दिलेल्या घुमाऱ्याचा, मारा. देवळातला घुमारा बटण दाबून आणला की भक्ती आपोआप येते, हे कुणी सांगितलं तुला?

अमेरिकन जॅझ पियानोवादक मेरी लू विल्यम्सचा ‘ब्लॅक क्राइस्ट ऑफ द अँडीज’ हा अल्बम ऐक, 1964 चा. अँडी कर्कच्या बँडमध्ये पियानो वाजवून, अरेंजमेंट्स लिहून नावारूपाला आलेली ही बाई 1954 साली पॅरिसमध्ये चालू कार्यक्रमातून उठून गेली. पुढं काही वर्षं मंच नाही. 1957 मध्ये कॅथलिक झाली आणि त्याच वर्षी न्यूपोर्टच्या जॅझ महोत्सवात ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी याच्या बँडबरोबर पुन्हा वाजवायला बसली.

अल्बमचं पहिलं गाणं मार्टिन दे पोरेसवर. हा पेरूमधल्या लिमाच्या मठातला मिश्रवंशीय सेवेकरी. त्याला 1962 मध्ये संतपद मिळालं. गाणं सुरू होतं नुसत्या कॉयरनं, म्हणजे समूहगायनानं. अल्बम पियानोवालीचा, आणि पियानोचा पत्ताच नाही! हार्मनी मात्र अस्सल जॅझची, एकमेकांना खेटून उभे असलेले सूर. बऱ्याच वेळानं पियानो येतो, थोडा वेळ लॅटिन ठेका धरतो आणि बाजूला होतो. ती जागा वहीत उतरवून काढ. किती सूर वाजवले यापेक्षा कुठं थांबली ते बघ.

‘ॲनिमा क्रिस्ती’ ही जुनी प्रार्थना, पण चाल गॉस्पेलची, म्हणजे अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या चर्चमधल्या गाण्यांची, सहा मात्रांत डुलणारी. आणि गंमत म्हणजे बायबलमधल्या कथांवर शंका घेणारं, अमेरिकन संगीतकार गर्श्विनचं गाणंही तिनं याच रेकॉर्डवर वाजवलंय. त्यानं स्तोत्राचं काही बिघडलं नाही. तेव्हा अभंग घेतलेत म्हणून स्विंग, जॅझचा तो झुलता ठेका, घरी ठेवून येऊ नकोस. तुझं चौथं गाणं फार सोवळं झालंय.

आता एक कर. दुसऱ्या गाण्याचं पहिलं कडवं पियानोशिवाय रेकॉर्ड करून पाठव. तिच्या कानात मेट्रोनोम नको, तुझ्या हाताच्या खुणेवर गाऊ दे. रिव्हर्ब शून्य. तुझा सोलो कुठं बसवायचा ते ती फाइल ऐकून ठरवू.

तुझा,
सर