क्वीनच्या चाहत्यांना 'सीसाइड राँदेवू'सारखं पोरकट गाणं एवढं का आवडतं?

पोरखेळच आहे तो, त्यावर वाद नाही. तुम्ही लिहिलंय की 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी' आवडलं म्हणून 'अ नाइट अ‍ॅट दि ऑपेरा' हा अख्खा अल्बम ऐकायला घेतला, मध्येच हे सव्वादोन मिनिटांचं गाणं लागलं, आणि एवढ्या मोठ्या बँडने हा काय तमाशा लावलाय असं वाटलं. वर जुने चाहते या गाण्याचं नाव काढलं की एकदम खुलतात, ते का, हा तुमचा प्रश्न. सगळ्या चाहत्यांच्या वतीने नाही सांगता येणार. आमच्या घरात ते कसं शिरलं एवढं सांगतो.

मी गुहागरचा. मामा बोटीवर होता, तो सुटीवर आला की कॅसेटी आणायचा. त्यातली बरीचशी आम्हाला न झेपणारी असायची. १९९३ साली ही आली. इंग्रजी आमचं शाळेपुरतं, त्यामुळे गाण्याचं नाव मी आणि माझा आतेभाऊ बरीच वर्षं 'सीसाइड रेंडेझव्हस' असंच म्हणायचो. तो शब्द फ्रेंच आहे आणि त्याचा अर्थ ठरवून भेटणं असा आहे, हे कॉलेजात गेल्यावर कळलं. तोवर आम्ही ते कुठल्यातरी हॉटेलाचं नाव समजत होतो.

वडील शिंपी. बाजारात एक गाळा, दोन मशिनं. गणपतीच्या आधीचे पंधरा दिवस म्हणजे शिंप्याच्या घरात सगळे हातात सुई घेऊन. टेपरेकॉर्डर कपाटावर, आणि लाइट गेली तर सेलवर. सेल उतरायला लागले की क्वीनचा गायक फ्रेडी मर्क्युरी याचा आवाज हळूहळू भीमसेनी व्हायचा. वडिलांना त्या गाण्यांशी काही देणंघेणं नव्हतं. पण ते जाखडीत, म्हणजे कोकणातल्या बाल्या नाचात, मृदंग वाजवायचे, त्यामुळे कान मात्र मशीन चालू असतानाही जागा असायचा.

तर हे गाणं. पियानोवर सुरू होतं, जुन्या इंग्रजी नाट्यगृहातल्या हलक्याफुलक्या गाण्यांच्या चालीवर. एक छेलछबिला बाबू समुद्रावर भेटायला बोलावतोय, एवढीच कथा. पन्नासेक सेकंद झाली की गायन थांबतं आणि एक अख्खी बँडपार्टी येते. क्लॅरिनेट, ट्रम्पेट, खालून ढब ढब करणारा ट्यूबा, मध्येच काझूसारखं काहीतरी. काझू माहीत नसेल तर असं समजा: पावसाळ्यात उकिरड्यावर आंब्याच्या कोयी रुजतात, कोंब आलेली कोय फोडून आतला गर दगडावर घासला की पिपाणी होते. तिचा जो चिरका, नाकातला आवाज, तो काझूचा.

यातलं एकही वाद्य त्या गाण्यात नाही. तो सगळा भाग फ्रेडी मर्क्युरी आणि ड्रमर रॉजर टेलर यांनी तोंडाने वाजवलाय. क्लॅरिनेटसारखी लाकडी वाद्यं फ्रेडीची, ट्यूबा-ट्रम्पेट टेलरचे. टेलरचा गळा किती वर जातो ते 'बोहेमियन ऱ्हॅप्सडी'तल्या त्या सर्वांत उंच 'गॅलिलिओ'वरून तुम्हाला माहीत असेलच. इथे तोच माणूस ट्यूबा होऊन तळाला बसलाय.

या अल्बमच्या वेष्टनावर त्यांनी मुद्दाम छापलं होतं की यात सिंथेसायझर नाही. ही त्यांची जुनी मिजास, पहिल्या अल्बमपासूनची, आणि ती १९८० पर्यंत टिकली. मला ती वाक्यं आधी फुशारकी वाटायची. हे गाणं नीट ऐकल्यावर ती फुशारकी पटली. बटण दाबून आवाज काढायचा नाही म्हटल्यावर दोन मोठे पुरुष मायक्रोफोनसमोर उभे राहून गाल फुगवतात, एकावर एक आवाज भरत जातात आणि ते सुरात आणतात. आमच्याकडे पोरं तोंडाने ढोल-ताशा वाजवत रस्त्याने जातात तोच हा प्रकार. फरक एवढाच की हे हरामखोर एक मात्राही चुकत नाहीत.

आणि मग येतो टॅप डान्स. बुटाच्या तळाला लोखंडी पत्री लावून लाकडावर नाचतात तो. मोजून काही सेकंद, खटाखट खटाखट, आणि संपतो.

एका दुपारी हा भाग आला आणि वडिलांनी मशीन थांबवलं. म्हणाले, "मागे घे." मी पेन्सिल शोधायला लागलो, कारण रिवाइंडचं बटण आत गेलं की बाहेर यायचं नाही. परत लावलं. त्यांनी ऐकलं आणि म्हणाले, "हे पाय नाहीत."

आतेभाऊ म्हणाला, "मामा, डान्स आहे तो. कव्हरावर लिहिलंय." कव्हरावर असं काहीही लिहिलेलं नव्हतं.

"पायाला वजन असतं रे. माणूस उतरतो तेव्हा फळी हलते. हे वरच्यावर आहे, बोटांनी केलंय. आणि एकटा नाही, दोघं आहेत." थोडं थांबून त्यांनी निकाल दिला, "सुपाऱ्या आपटतायत पाटावर." आणि मशीन सुरू.

आम्ही अर्थातच हसलो. लंडनमधला एवढा मोठा बँड आणि पाटावर सुपाऱ्या! बरेच दिवस आमच्यात 'सुपारी डान्स' हेच त्याचं नाव होतं.

खूप वर्षांनी, मी पुण्यात नोकरीला असताना, या अल्बमबद्दल वाचत होतो. त्यात होतं की तो टॅप डान्स फ्रेडी आणि रॉजर टेलर यांनी बोटांत अंगुस्तान घालून मिक्सिंग डेस्कवर, म्हणजे स्टुडिओतल्या आवाज जुळवायच्या टेबलावर, वाजवलाय. अंगुस्तान म्हणजे शिवताना सुई टोचू नये म्हणून बोटात घालतात ते, दुसरं काही नाही. वडिलांनी सुपाऱ्यांचा निकाल दिला तेव्हा त्यांच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटात ते होतंच, दिवसभर असायचंच.

आता तुमच्या प्रश्नाकडे वळतो. मला वाटतं या गाण्यावरचा जीव बहुतेकांचा असाच जडतो: आधी गंमत म्हणून सोडून दिलेलं असतं, मग कधीतरी कळतं की त्या गमतीवर केवढी मेहनत घेतलीय. आणि ही मेहनत त्यांनी कोणत्या दिवसांत घेतली तेही बघा. १९७५ साली बँडची नावलौकिकात चंगळ आणि खिशात खडखडाट अशी अवस्था होती. आधीच्या व्यवस्थापकांशी फाटलं होतं. अल्बमचं पहिलंच गाणं, 'डेथ ऑन टू लेग्ज', त्या माणसाच्या नावाने काढलेलं जहर आहे, इतकं की ऐकताना आपण अपराधी असल्यासारखं वाटतं. नोव्हेंबर १९७५ मध्ये अल्बम बाजारात आला तेव्हा तबकडीची पहिली बाजू या जहराने सुरू व्हायची आणि 'सीसाइड राँदेवू'ने संपायची. शिव्याशापांनी सुरुवात केलेला माणूस त्याच बाजूच्या शेवटी लाडीगोडीने पापा मागतो (शेवटचे शब्द खरंच तेच आहेत, मुद्दाम ऐका). मग तबकडी उलटायची, की वाऱ्याचे आवाज, खेळण्यातला जपानी कोटो, आणि महापुरावरचं आठ मिनिटांचं 'द प्रॉफेट्स साँग'. हे गाणं बँडचा गिटारवादक ब्रायन मे याला आजारपणात पडलेल्या स्वप्नावरून सुचलेलं. आता मोबाइलवर एका गाण्यामागे दुसरं आपोआप लागतं, त्यामुळे मधला तो उठून बाजू बदलण्याचा श्वास जातो, आणि हे गाणं तुम्हाला मध्येच घुसलेलं वाटतं. ते मध्ये नव्हतं. ते मध्यंतराआधीचं होतं.

दशावतारात किंवा नमनात, म्हणजे आमच्या कोकणातल्या लोकनाट्यांत, वेळ कशी साधतात ते ज्यांनी पाहिलंय त्यांना हे सांगायला नको. आमच्याकडे शिमग्यात संकासूर येतो: काळे कपडे, उंच निमुळती टोपी, पांढरी दाढी, कमरेला घुंगरं. तसा तो असुर. पण पोरं देवांसाठी नाही, त्याच्यासाठी जागतात. तो पळवतो, घाबरवतो, चावट बोलतो, आणि त्याच्या नाचात एक पाऊल वाकडं पडलं तर म्हातारी माणसं लगेच नाव ठेवतात. सोंगाला सूट नाही.

अल्बममध्ये अशी आणखी दोन सोंगं आहेत. 'लेझिंग ऑन अ संडे आफ्टरनून'मध्ये फ्रेडीचा आवाज जुन्या कर्ण्यातून आल्यासारखा वाटतो, कारण तो हेडफोनमध्ये सोडून हेडफोन पत्र्याच्या डब्यात ठेवला आणि डब्यातला आवाज पुन्हा मायक्रोफोनने घेतला. 'गुड कंपनी'त ब्रायन मेने एक अख्खा जाझ बँड नुसत्या गिटारवर उभा केलाय. कसबाच्या दृष्टीने 'गुड कंपनी' कदाचित वरचढ असेल. पण तिथे मला एक हुशार माणूस एकटा बसून काम करताना दिसतो. 'सीसाइड'मध्ये दोघं एकमेकांना हसवतायत असं वाटतं. मी तरी त्याच्यासाठीच ऐकतो.

थोडी शेखीही आहे यात, ती लपवत नाही. १९८१च्या 'ग्रेटेस्ट हिट्स'मध्ये हे गाणं नाही. म्हणजे ज्याला ते माहीत आहे त्याने पूर्ण अल्बम ऐकलाय, असा एक मूक दाखला मिळतो. क्वीनचा टीशर्ट घातलेला कोणी भेटला की मी हळूच ट्यूबाचा तो भाग तोंडाने काढतो. दहातले नऊ जण घाबरून बघतात. एखादा पुढचा क्लॅरिनेट धरतो, मग आमचा चहा होतो.

आता समुद्राचं. गाण्यातला समुद्र माझा नाही, फ्रेडीचाही नसावा. फारुख बलसारा हे त्याचं मूळ नाव, जन्म १९४६चा, झांझिबारच्या बेटावरचा, घर पारशी, शाळा पाचगणीची, सेंट पीटर्स. तिथे पोरांनी मिळून 'द हेक्टिक्स' नावाचा बँडही काढला होता. (आमची शाळेची सहल आंबेनळी घाट चढून महाबळेश्वर-पाचगणीलाच जायची. टेबललँडवर घोडे बघून, ओकाऱ्या काढत परत. कॅसेटमधला माणूस इथेच पियानो शिकला हे सांगणारं कोणी नव्हतं.) गरम देशातल्या बेटावर वाढलेला पोरगा जेव्हा समुद्रावरच्या भेटीचं गाणं लिहितो, तेव्हा तो इंग्रजांच्या पोस्टकार्डातला समुद्र घेतो. टोप्या, छत्र्या, बँडस्टँड, सुटाबुटात वाळूवर चालणं. मध्येच फ्रेंचचा तडका. सगळा उसना मामला, आणि तो उसना आहे हे तो लपवत नाही.

आमच्या समुद्राला घरांची पाठ असते. पोफळीची वाडी ओलांडली की सुरूची झाडं, मग सहा-सात किलोमीटर सरळ वाळू, आणि बहुतेक वेळ कुत्रंही नाही. तिथे ठरवून भेटायचं म्हटलं तर दोघं पोचायच्या आत गावाच्या वरच्या पाटापासून खालच्या पाटापर्यंत बातमी जाते. आतेभावाने एकदा हे गाणं डोक्यात ठेवून एका मुलीला संध्याकाळी समुद्रावर बोलावलं होतं. ती आली. बरोबर तिची आई, आजी आणि दोन धाकटी भावंडं. त्यांना वाटलं पोरगा भेळ खायला नेतोय. तो आजही हे गाणं लागलं की बंद कर म्हणतो, तर एक चाहता कमी धरा.

अंगुस्तानाचं वाचल्यावर मी त्याच रात्री घरी फोन केला होता. वडिलांना आधी गाणं आठवेना. 'सुपारी' म्हटल्यावर आठवलं. मी सांगितलं की बोटं बरोबर, दोघं बरोबर, सुपाऱ्या चूक. ते म्हणाले, "शिंपी होते काय?" नाही म्हटलं. मग बराच वेळ काही बोललेच नाहीत. मला वाटलं फोन कटला. तर पलीकडून आवाज यायला लागला: खट, खटखट, खट. थांबून म्हणाले, "एकट्याने नाही जमत. ये गणपतीला."

गेलो. दोन अंगुस्तानं त्यांची, दोन शेजारच्या गाळ्यातून मागून आणलेली. करून बघणार असाल तर एक सांगतो, पत्र्याच्या ट्रंकेवर करू नका, नुसती घणघण होते. शिलाई मशीनची फळी चांगली. फक्त आधी कापड काढून ठेवा.