बागेचे प्रश्न: गुलाबाची छाटणी

हस्ताचा पाऊस सरत आला की या सदराकडे गुलाबाच्या छाटणीचे प्रश्न येऊ लागतात. त्यातले काही निवडून इथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न (रुईकर कॉलनी, कोल्हापूर): कुंपणालगत झुडपी गुलाबाची दोन झाडे आहेत. पावसाळ्यात ती डोक्याच्या वर गेली. छाटणी ऑक्टोबरात करायची की फेब्रुवारीत? एका इंग्रजी पुस्तकात फेब्रुवारीअखेर असे दिले आहे.

उत्तर: ऑक्टोबरात करा, आणि नेमका दिवस पावसाकडे बघून ठरवा. ते पुस्तक कडाक्याच्या थंडीच्या मुलखासाठी आहे. तिकडे हिवाळ्यात गुलाबाची वाढ पूर्ण थांबते आणि तो पुन्हा फुटायच्या बेताला छाटतात. कोल्हापुरात गुलाब बारा महिने वाढत राहतो. इथे फेब्रुवारीत छाटला तर कोवळी फूट ऐन मार्च-एप्रिलच्या उन्हात सापडते. फुले बारकी येतात, पाकळ्यांच्या कडा करपतात आणि फुलकिडे व लाल कोळी यांचा जोरही त्याच दिवसांत असतो.

शहरात साधारण ऑक्टोबरचा दुसरा पंधरवडा योग्य. राधानगरी, गगनबावड्याकडच्या जास्त पावसाच्या बागांनी अजून आठ-दहा दिवस थांबावे. परतीचा पाऊस गेला, पुढचे चार-पाच दिवस कोरडे जातील असा अंदाज आहे आणि बुंध्याजवळची माती पायाला चिकटत नाही, एवढे जुळले की सिकेटर (छाटणीची कात्री) हातात घ्या. छाटणीपासून साधारण सहा-सात आठवड्यांत फुले येतात. म्हणजे 20 ऑक्टोबरला छाटलेले झाड डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात फुलावर असते.

मे अखेरीस एकदा हलका हात फिरवा. वाळलेल्या, एकमेकींवर घासणाऱ्या आणि झाडाच्या पोटात शिरलेल्या काड्या तेवढ्या काढा, म्हणजे पावसाळ्यात वारा खेळेल आणि पानांवरचे काळे ठिपके आटोक्यात राहतील. त्या वेळी उंची कमी करू नका.

प्रश्न (शाहूपुरी): हायब्रीड टी गुलाब (लांब दांड्यावर एकेक मोठे फूल येणारा) आम्ही गुडघ्याएवढा ठेवतो. झुडपी गुलाबही तसाच छाटायचा का?

उत्तर: नाही, आणि इथेच बहुतेक झुडपी गुलाबांचे नुकसान होते. हायब्रीड टी दीड-दोन फुटांवर आणला तरी नव्या दांड्यांवर मोठी फुले देतो. झुडपी गुलाबाची बरीच फुले जुन्या काड्यांना फुटलेल्या आडव्या फांद्यांवर, घोसात येतात. तो गुडघ्यावर आणलात तर चार-सहा लांबलचक, नुसती पानांची फूट निघते आणि हंगामाचा बराच बहर जातो. त्याची उंची एक तृतीयांशापेक्षा जास्त उतरवू नका. सहा फुटी झाड चार फुटांवर आले की थांबायचे. लागवडीला वर्ष झाले नसेल तर वाळलेले आणि मोडलेले तेवढे काढा, बाकी हात लावू नका.

उंचीला हात घालण्याआधी झाड आतून मोकळे करा. पहिल्यांदा वाळलेल्या आणि काळवंडलेल्या काड्या, मग आत वळलेल्या, मग दोन काड्या घासत असतील तर त्यातली कमजोर. झाड चार-पाच वर्षांचे असेल तर साल तडकलेल्या, करड्या पडलेल्या सर्वांत जुन्या एक-दोन काड्या अगदी बुंध्यापासून काढा. दरवर्षी एवढेच केले तरी तीन-चार वर्षांत झाड नवे होते. हे सगळे झाल्यावर दोन पावले मागे येऊन झाडाचा आकार बघा आणि मगच शेंडे उतरवा.

काप कुठे घ्यायचा ते नीट बघून घ्या. पान जिथे काडीला चिकटलेले असते त्याच्या बेचक्यात बारीक, तांबूस फुगवटा दिसतो. तो डोळा. झाडाच्या बाहेर तोंड असलेला डोळा निवडा आणि त्याच्या वर 5 ते 6 मिलिमीटरवर काप घ्या. उतार डोळ्याच्या विरुद्ध बाजूला हवा, म्हणजे पाणी डोळ्यावर ओघळत नाही. फार वर कापले तर उरलेले खुंटूक वाळते आणि कूज तिथूनच खाली उतरते. अगदी डोळ्याला खेटून कापले तर डोळाच सुकतो.

सिकेटर दोन पाती एकमेकांशेजारून जाणारे घ्या. एक पाते सपाट पट्टीवर दाबून कापणारे सिकेटर हिरवी काडी चेपते आणि चेपलेला भाग कुजतो. धारेचे पाते झाडावर राहणाऱ्या बाजूला ठेवा. अंगठ्याहून जाड काडीला छोटी करवत लागते. सिकेटरने पिळून कापू नका, काडी उभी चिरते. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना पाती स्पिरिटच्या बोळ्याने पुसा.

प्रश्न (इचलकरंजी): छाटल्यावर काही काड्या टोकाकडून काळ्या पडत खाली वाळत येतात. खत कमी पडते का?

उत्तर: खताचा संबंध नाही. ही बुरशी आहे, बागवान तिला डायबॅक म्हणतात. ती ताज्या कापातून आत शिरते आणि ओल्या हवेत झपाट्याने खाली उतरते. पाऊस चालू असताना छाटलेली झाडे म्हणूनच मरतात. खत वाढवून ती थांबत नाही.

काळा भाग जिथे संपलेला दिसतो तिथून अजून दोन-तीन इंच खाली, निरोगी डोळ्याच्या वर कापा. काप घेतला की आतला गाभा बघा. पांढरा स्वच्छ असेल तर ठीक. तपकिरी ठिपका किंवा रेघ दिसली तर आणखी खाली जा, गाभा पांढरा मिळेपर्यंत. उंचीचा मोह इथे ठेवू नका. प्रत्येक कापानंतर पाती पुसा, नाहीतर रोग तुमच्याच हाताने पुढच्या काडीत जाईल.

पेन्सिलीएवढ्या आणि त्याहून जाड कापांना त्याच दिवशी बोर्डो पेस्ट लावा. चार-पाच झाडांना पाव लिटर पुष्कळ होते. 25 ग्रॅम मोरचूद 125 मिलिलिटर पाण्यात विरघळवा. दुसऱ्या भांड्यात 25 ग्रॅम कळीचा चुना थोड्या पाण्यात विरवून, निवल्यावर पाणी घालून तेही 125 मिलिलिटर करा. मग दोन्ही एकाच वेळी तिसऱ्या भांड्यात ओतत ढवळा. भांडी प्लास्टिकची किंवा मातीची घ्या, लोखंडाची चालत नाहीत. लोखंडी खिळा मिनिटभर बुडवा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, थोडा वाढवा. पेस्ट त्याच दिवशी ब्रशने लावून संपवा. मोरचूद विषारी आहे, तेव्हा हातमोजे घाला आणि भांडी पुन्हा स्वयंपाकघरात नेऊ नका. काही घरांत कापावर ओले शेण लावतात. त्याने जखम ओली राहते, ते टाळावे.

झाडाखालची ठिपके पडलेली पाने वेचून बाहेर टाका, खतखड्ड्यात नकोत. पडलेल्या पानांवर ठिपक्यांची बुरशी टिकून राहते. मग कॉपर ऑक्सिक्लोराईड, लिटरला अडीच ग्रॅम, याची एक फवारणी सगळ्या काड्यांवर घ्या.

प्रश्न (कळंबा): छाटणीनंतर बुडातून एक जोमदार फूट आली. पाने फिकट हिरवी, एका पानात सात पानोळ्या (एकाच देठावरची छोटी पाने). आठ फूट झाली, कळी नाही.

उत्तर: ही बहुधा खुंटाची फूट आहे. रोपवाटिकेतला गुलाब रानटी गुलाबाच्या खुंटावर, म्हणजे मुळासकट बुंध्यावर, चांगल्या जातीचा डोळा बसवून (डोळा भरून) केलेला असतो आणि तो खुंट स्वतःची फूट काढतो. पण नुसत्या पानोळ्या मोजून निकाल देऊ नका. काही झुडपी जातींच्या पानांतही सात पानोळ्या असतात. माती बाजूला करून फूट कुठून निघाली ते पाहा. डोळा भरलेल्या गाठीच्या खालून असेल तर खुंटाची, वरून असेल तर ती तुमच्या झाडाची नवी मुख्य काडी, तिला जपा. खुंटाची फूट कात्रीने कापली तर तिथून पुन्हा फुटते. ती मुळापाशी धरून खाली ओढून उपटा.

प्रश्न (ताराबाई पार्क): गच्चीवर 12 इंची कुंड्या आहेत. छाटणीनंतर काय द्यायचे?

उत्तर: वरची दोन-तीन इंच माती काढून तिथे कुजलेले शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड भरा. रासायनिक खत लगेच नको. पाने नसताना झाड ते घेऊ शकत नाही. फूट दोन-तीन इंच झाली की 19:19:19 (नत्र, स्फुरद, पालाश सारखेच असलेले, पाण्यात विरघळणारे खत) लिटरला दोन ग्रॅम, पंधरा दिवसांनी एकदा, तेही ओल्या मातीत. पाने येईपर्यंत पाणीही बेतानेच द्या.

प्रश्न (गडहिंग्लज): पूर्वी छाटणीआधी मुळ्या आठवडाभर उघड्या टाकत. आम्हीही तसे करावे का?

उत्तर: घरच्या बागेत करू नये. काळ्या मातीत खोदताना बारीक मुळ्या तुटतात, आणि नेमक्या त्याच मुळ्यांवर नवी फूट पोसायची असते. खुरप्याने वरची दोन इंच माती हलवून घ्या, छाटणीआधी चार-पाच दिवस पाणी तोडा. कुंडीतल्या झाडाचे मात्र पाणी असे तोडू नका, ऑक्टोबरच्या उन्हात कुंडी दोन दिवसांत पार कोरडी पडते.